पाकिटाची मागची बाजू : डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

मंडळाच्या या अंकासाठी प्रत्येकाने एका दिवंगत व्यक्तीचं चरित्र लिहायचं असं ठरलं, तेव्हा माझ्या मनात एका संतकवीचं नाव होतं. वहीत पान-दीड पान लिहूनही झालं होतं. मग ख्रिसमसच्या सुट्टीत मी घरी सौंसरला गेले आणि परत आले ती दुसरंच नाव घेऊन. ज्यांच्याबद्दल आता लिहिते आहे ते मराठी नव्हते आणि साहित्यिकही नव्हते. अलीगढला जन्मलेले, बर्लिनला शिकलेले आणि मुंबईत आयुष्य काढलेले ते एक रसायनशास्त्रज्ञ होते. नाव डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. सिप्ला ही औषध कंपनी त्यांनी काढली. त्यांच्यापर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगते, कारण तो रस्ता आमच्या घरातल्या औषधांच्या डब्यातून जातो.

माझ्या बाबांना बरीच वर्षं बीपी आहे. आमची थोडी संत्र्याची बाग आहे. बहार चांगला आला तर वर्ष बरं जातं, नाही तर ओढाताण. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ब्रँडच्या गोळ्या बाबा घेत होते. म्हणजे आम्ही तसं समजत होतो. खरं तर हात तंग असला की ते एक दिवसाआड गोळी घ्यायचे आणि महिन्याचं पाकीट दोन महिने पुरवायचे. हे आईलाही माहीत नव्हतं. एकदा चक्कर येऊन अंगणात बसले तेव्हा कळलं. मग भावाने पांढुर्ण्याहून जेनेरिक औषधांच्या दुकानातून तीच गोळी आणायला सुरुवात केली. औषध तेच, मात्रा तीच, किंमत मात्र चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी. बाबा रोज गोळी घेऊ लागले आणि सगळं सुरळीत झालं.

२०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी छिंदवाडा जिल्ह्यात परासियाच्या बाजूला लेकरं आजारी पडायला लागली. आम्ही पांढुर्णा-सौंसरचे लोक २०२३ पर्यंत त्याच जिल्ह्यात होतो, त्यामुळे ती बातमी परक्या गावची नव्हती. साधा सर्दी-खोकला, त्यावर दिलेलं सिरप आणि मग लघवी बंद. बऱ्याच जणांना घेऊन आई-बाप नागपूरला धावले. वीसहून जास्त लेकरं गेली. ते सिरप तमिळनाडूतल्या एका कारखान्यात बनलं होतं. तिथल्या सरकारी तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, तेही जवळजवळ निम्मं. हे रसायन गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या कामाचं, औषधात ते नावापुरतंही चालत नाही. ते थेट मूत्रपिंडावर घाव घालतं.

त्यानंतर बाबांनी पांढुर्ण्याची गोळी डब्याच्या तळाशी सारून दिली. त्यांचं म्हणणं एकच होतं. हे कुठे बनलंय, कोणी बनवलंय, आपल्याला काय माहीत? स्वस्त आहे म्हणजे कुठे तरी हात मारलाच असेल. महागडं परवडत नव्हतं आणि स्वस्तावर भरवसा उरला नव्हता, म्हणून ते कुठलंच घेत नव्हते. सुट्टीत घरी गेल्यावर हे माझ्या कानावर आलं. मी दोन्ही पाकिटं घेऊन उजेडात बसले. जेनेरिक गोळीच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात हिमाचल प्रदेशातल्या एका कारखान्याचा पत्ता होता. जुन्या ब्रँडच्या पाकिटावर पुढे मोठ्या कंपनीचं ठसठशीत नाव होतं, पण मागे बनवणारा म्हणून भलत्याच कंपनीचा पत्ता होता आणि तोही हिमाचलचाच. म्हणजे बाबांना ज्या नावाचा भरवसा होता, त्या नावाने ती गोळी फक्त विकली होती.

औषध कुठलं हा प्रश्न या देशात आधी कोणी सोडवला होता का, ते मी शोधायला लागले आणि हमीद साहेबांपाशी येऊन थांबले.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ चा. घर शिकलेलं होतं. तरुणपणी अलाहाबादला रसायनशास्त्र शिकत असताना गांधीजींच्या असहकाराची लाट आली आणि तेही तिच्यात ओढले गेले. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून अलीगढला नुकत्याच सुरू झालेल्या जामिया मिलिया इस्लामियाशी ते जोडले गेले. पुढच्या शिक्षणासाठी मुलाने विलायतेला जावं अशी घरच्यांची इच्छा होती. हमीद मात्र जर्मनीला गेले. त्या काळी रंग, औषधं, रसायनं यांत जर्मनीचा हात धरणारा देश नव्हता. हमीदना डिग्रीपेक्षा ती विद्या हवी होती, जिच्या जोरावर एक देश अख्ख्या जगाला औषध विकतो.

बर्लिन विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तिथेच त्यांची लुबा डर्चान्स्काशी ओळख झाली. ती विल्ना गावची, आजच्या लिथुआनियातली, ज्यू घरातली मुलगी. हे अलीगढचे मुसलमान. १९२८ मध्ये त्यांनी लग्न केलं. थोड्याच वर्षांत जर्मनीत काय झालं ते आपण इतिहासात शिकलो आहोत. माणसाची किंमत तो कुठल्या रक्ताचा यावरून ठरवणारं राज्य तिथे आलं. त्यांचा मोठा मुलगा युसुफ १९३६ मध्ये लुबाच्या माहेरी, विल्नाला जन्मला आणि मुंबईत वाढला.

आता मुंबईकडे येते. १९३५ मध्ये हमीदनी तिथे कंपनी नोंदवली. नाव लांबलचक होतं, द केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. त्याचं आखूड रूप म्हणजे सिप्ला. अधिकृत भांडवल सहा लाख रुपये. मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर एक छोटा बंगला महिना ३५० रुपये भाड्याने घेतला आणि तिथल्या खोल्यांत प्रयोगशाळा मांडली. आपल्याजवळची औषधांची सूत्रं आणि पेटंटं त्यांनी एक पैसा रॉयल्टी न घेता कंपनीला देऊन टाकली. पहिलं औषध बाजारात आलं ते १९३७ च्या सप्टेंबरात.

मला जे समजून घ्यायचं होतं ते इथून पुढे सुरू होतं. त्या काळी दवाखान्यांत चालायची ती जर्मन, इंग्रजी, स्विस कंपन्यांची औषधं. देशी कारखान्याचं औषध म्हटलं की डॉक्टर नाक मुरडायचे. हा फक्त गुलामीचा परिणाम होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. बाजारात भेसळ खरोखरच होती. औषध बनवणाऱ्यावर देशभर लागू होईल असा कायदाच नव्हता. तो १९४० मध्ये आला. तोवर कोणीही काहीही बाटलीत भरून विकू शकत होतं. म्हणजे तेव्हाचा डॉक्टर आणि आजचे माझे बाबा एकाच जागी उभे होते. भीती खोटी नव्हती, फक्त बोट चुकीच्या जागी होतं.

चुकीच्या जागी का म्हणते, ते सांगते. ज्या १९३७ मध्ये सिप्लाचं पहिलं औषध विकलं गेलं, त्याच वर्षी अमेरिकेत एका कंपनीने घशाच्या आजारावरचं एक गोड द्रवरूप औषध बाजारात आणलं. गोळीतलं औषध पातळ करायला त्यांनी जे वापरलं ते हेच डायएथिलीन ग्लायकॉल. विकण्याआधी ते विषारी आहे का हे कोणी तपासलं नाही. शंभराहून जास्त माणसं मेली आणि त्यांत लेकरं पुष्कळ होती. त्या धक्क्यातून १९३८ मध्ये अमेरिकेत नवा औषध कायदा झाला. जगातल्या श्रीमंत देशात, नावाजलेल्या बाजारात ८८ वर्षांपूर्वी जे झालं, तेच परासियाला झालं. विष एकच आणि चूकही एकच. पिंप आलं, पण ते तपासलं नाही.

हमीदना हे नेमकं समजलं होतं असं मला वाटतं. देशी औषध घ्या, कारण ते देशी आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. परदेशी औषधाच्या तोडीचं औषध इथे बनवून दाखवायचं आणि मग भरवसा मागायचा, ही त्यांची रीत. ४ जुलै १९३९ ला गांधीजी सिप्लाचा कारखाना पाहायला आले. त्यानंतर दोनच महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं, बोटी अडल्या आणि परदेशी औषधं येईनात. आतापर्यंत ज्यांना देशी औषध नको होतं, त्यांना तेच शोधत यावं लागलं. सिप्लाने आपली यंत्रणा त्या तुटवड्याच्या कामाला लावली. याच काळात देशाची स्वतःची औद्योगिक संशोधन व्यवस्था हवी म्हणून हमीदनी सरकारला एक आराखडा दिला. १९४२ मध्ये जी सीएसआयआर उभी राहिली, तिच्या जन्मामागच्या आराखड्यांत त्याची गणना होते. पुढे १९५२ मध्ये सिप्लात संशोधन विभाग सुरू झाला, १९६० मध्ये विक्रोळीला दुसरा कारखाना झाला आणि १९६८ मध्ये ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक पहिल्यांदा देशात बनलं ते त्यांच्याकडे.

ते राजकारणातही होते. १९३७ पासून मुंबईच्या विधानपरिषदेचे बरीच वर्षं सदस्य, पुढे मुंबईचे शेरीफ. फाळणीच्या बाजूने ते कधी नव्हते. देश दोन झाले तेव्हा ते मुंबईतच राहिले, कारखान्यासकट.

स्वातंत्र्य आलं तरी औषध स्वस्त झालं नाही, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. इंग्रजांचा १९११ चा पेटंट कायदा तसाच चालू होता. त्याने औषधाच्या पदार्थावरच परदेशी कंपन्यांचा हक्क राहायचा. कोणी दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवलं तरी गुन्हा. देशातली बहुतेक पेटंटं परदेशी लोकांच्या नावावर होती. १९६० च्या सुमारास अमेरिकी सिनेटच्या एका समितीने औषधांच्या किमती तपासल्या तेव्हा काही औषधं भारतात जगात सर्वांत महाग विकली जातात असं दिसून आलं. सगळ्यात गरिबांच्या रांगेतला देश आणि औषध सगळ्यात महाग! १९५९ मध्येच न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी कायदा बदला असा अहवाल दिला होता. १९६१ मध्ये देशी औषध उत्पादकांची संघटना झाली. हमीद आणि आता केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून आलेला त्यांचा मुलगा युसुफ, दोघेही या बदलाच्या बाजूने उभे राहिले.

कायदा बदलायला बरीच वर्षं गेली. १९७० मध्ये नवा पेटंट कायदा संसदेत मंजूर झाला. औषधाच्या बाबतीत त्याने पदार्थावरचा हक्क काढला आणि फक्त कृतीवरचा ठेवला. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर वांग्याच्या भरितावर कोणाचा हक्क नाही, तुमच्या भाजायच्या रीतीवर असेल तर असो. मी माझ्या रीतीने भाजीन. तोही हक्क जास्तीत जास्त सात वर्षांचा. जेनेरिक औषधाचं आजचं आपलं सगळं दुकान या एका बदलावर उभं आहे.

हा कायदा लागू झाला २० एप्रिल १९७२ ला. डॉ. हमीद गेले २३ जून १९७२ ला. ज्यासाठी इतकी वर्षं झगडले, तो कायदा त्यांना फक्त दोन महिने पाहायला मिळाला. ही तारीख वाचली तेव्हा मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

पुढचं काम मुलाने केलं. २००१ मध्ये आफ्रिकेत एड्सने माणसं पटापट मरत होती. तीन औषधांचा एकत्र उपचार होता, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जात होता. युसुफ हमीद यांनी तेच औषध सीमा नसलेल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दराने द्यायची तयारी दाखवली. तेव्हाही तोच प्रश्न उठला. भारतात बनलेलं आहे, चालेल का? तपासण्या झाल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत भारतीय औषधं आली आणि लाखो माणसं ती खाऊन जगली.

ही गोष्ट इथेच संपवली असती तर बाबांना सांगायला सोपी झाली असती. पण सांगताना माझं मलाच ते खोटं वाटलं असतं. कारण याच मुंबईत, हमीद साहेबांच्या कारखान्यापासून जवळच असलेल्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये पुन्हा तेच डायएथिलीन ग्लायकॉल. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठा करणाऱ्यापासून रुग्णालय आणि औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांवर बोट ठेवलं. त्यानंतरही ते थांबलं नाही. हमीद साहेबांच्या कायद्याने औषध बनवायचं दार सगळ्यांना उघडलं, पण दारात उभा राहून तपासणारा माणूस पुरेसा नेमला गेला नाही. मोठ्या मनाने उघडलेल्या दारातून चांगले कारखाने आत आले, तसे निष्काळजीही आले.

म्हणून कुठे बनलं हा प्रश्न मला आता चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. जर्मनी की भारत, हिमाचल की तमिळनाडू, ब्रँड की जेनेरिक, यांतलं काहीही औषध चांगलं असल्याची खात्री देत नाही. परासियाचं ते सिरपही ब्रँडच्या नावाने विकलं गेलेलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं. खात्री देतो तो घाणीची, पिंपाची, प्रत्येक घाण्याच्या औषधाची तपासणी करणारा माणूस आणि तो चुकला तर त्याला जाब विचारणारा दुसरा माणूस.

बाबांना मी हे सगळं एका संध्याकाळी सांगितलं. ते ऐकत राहिले. लुबाची गोष्ट त्यांना आवडली, गांधीजी कारखान्यात आले ते आवडलं, दोन महिन्यांचं ऐकून ते हळहळले. पण गोळी घेईन असं काही म्हणाले नाहीत. चरित्राने बीपी उतरत नाही, हे मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव आणि मात्रा जुळवून पाहिली, परवाना क्रमांक, बॅच, मुदत वाचून दाखवली आणि सांगितलं की गोळी आपल्या मनाने बंद करणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. सरकारी जनऔषधी योजनेतला माल प्रयोगशाळेत बॅचवार तपासून दुकानात जातो, तेव्हा तिथून घ्यायला हरकत नाही. पण शंका असेल तर डोळे मिटून भरवसा ठेवू नका आणि डोळे मिटून फेकूही नका. गोळी रोज घ्या आणि आठवड्यातून दोनदा बीपी मोजून लिहून ठेवा. गोळीत दम आहे की नाही ते आकडाच सांगेल.

आता आमच्या औषधांच्या डब्यात एक छोटी वही आहे. तारीख, बीपीचा आकडा आणि नवीन पाकीट आणलं की त्याचा बॅच नंबर. दुकानातून पक्कं बिल मागायचं हे भावाने अंगी लावून घेतलं आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी जाहीर करते. त्यात कधी अनोळखी नावं असतात, कधी ओळखीची. ती यादी मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून उघडते आणि आमच्या वहीतले नंबर तिच्याशी ताडून पाहते. आतापर्यंत एकही जुळलेला नाही. गेल्या आठवड्यात आईने फोनवर वहीतले आकडे वाचून दाखवले. ठीक आहेत. बाबा रोज गोळी घेत आहेत. घेण्याआधी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतात, असंही ती हसत सांगत होती.

संतकवीवरचा लेख पुढच्या अंकाला देईन. या खेपेला मला त्या माणसाबद्दल लिहायचं होतं, ज्याच्यामुळे आमच्या घरच्या त्या डब्यात रोजच्यासाठी गोळी आहे. आणि परासियाच्या त्या लेकरांचीही आठवण ठेवायची होती, ज्यांच्या बाटलीची मागची बाजू वेळेवर कोणीच वाचली नाही.